नऊ दिवसांचा निळा दिवा

॥ श्री ॥

मल्लेश्वरम, बंगळूर
१५ जून १९९७

चि. सौ. सुखदास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारतो, मग बाकीचं. विहीणबाई सोयराबाईंचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना भिंत धरावी लागते असं मागं ऐकलं होतं. एरंडेल कोमट करून लावायला सांग, आणि खाली बसून भाजी चिरू देऊ नकोस. नंदकिशोरचं पोट? तुझा भाऊ आहे म्हणून जास्त बोलत नाही, पण रिकाम्या पोटी चार-चार कप चहा ढोसला तर पोट तरी काय करणार बिचारं. तुझी पाठ कशी आहे? साडेतीन वर्षांचं मूल अजून कडेवर घ्यावं लागतं म्हणजे पाठ भरून येतच असेल. आणि आमची भार्गवी? तिचं सगळ्यात शेवटी विचारतो, कारण सगळ्यात आधी तेच विचारायचं होतं. मान धरते का नीट? हातात दिलेलं धरते का? माणूस ओळखते का?

इकडचं म्हणशील तर तुझ्या सासूबाईंची साखर वर-खाली चालू आहे. डॉक्टरांसमोर म्हणतात, 'मी गोड तोंडात घालत नाही,' आणि डबा मात्र रिकामा होतो. श्रीकांत सकाळी कामावर जातो, संध्याकाळी येतो, जेवतो, पेपर तोंडापुढं धरतो. वाचतो का, देव जाणे. परवा तुझ्या जागेवर पाहुण्यांपैकी कुणी जेवायला बसलं, तर हा ताट घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवला. मी पाहिलं.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आपला कारखाना ठीक चालला आहे. बाळांना ऊब द्यायच्या पेट्या यंदा बऱ्याच गेल्या, पार गुलबर्ग्यापर्यंत. कारखान्यातल्या बसवंतचे पुढचे दोन दात पडले. म्हणतो, "अण्णा, आता सगळं स्वल्प स्वल्प. जेवण स्वल्प, बोलणं पण स्वल्प." जेवण कमी झालंय, बोलणं नाही.

तू गेलीस त्याला सोळा महिने झाले. या घरातून तुला पत्र जात नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी लिहितो. मी सातवी पास माणूस, इंग्रजी शिकलो ते यंत्रांची माहितीपत्रकं डिक्शनरी घेऊन वाचून. पत्र लिहिण्याची मला सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घे.

मी बरा आहे. झोप कमी झाली आहे, ती वयानं असेल.

दोन ओळींचं कार्ड टाक.

तुझे
अण्णा

---

मल्लेश्वरम
३ ऑगस्ट १९९७

चि. सुखदास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. भार्गवीला मिरजेच्या शाळेत घातलं, कानाला यंत्र बसवलं, मोठ्या आवाजाकडे ती मान वळवते, हे वाचून पोस्टमनसमोरच डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. तो म्हणाला, "एनायतु, अण्णा?" काय झालं म्हणून. मी म्हटलं, नात मान वळवते. त्याला काय कळणार? तरी म्हणाला, "बहळ चलो." फार छान.

पण त्याच कार्डात खाली बारीक अक्षरात तू लिहिलंस ते वाचल्यापासून कार्ड खिशातच घेऊन फिरतो आहे. शाळेतल्या बाईंनी फॉर्म दिला, त्यात 'मुलाला हे अपंगत्व कशामुळे आले' असं विचारलं होतं, आणि तू लिहिलंस, 'आईच्या हयगयीमुळे.'

सुखदा, तो फॉर्म परत माग. बाईंना सांग, चुकून लिहिलं. तसं लिहायचं नाही. मी मोठा म्हणून सांगतो, ऐक.

का, ते तू विचारशील. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. तू माहेरी बाळंतपणाला जायला निघाली होतीस, बॅग भरली होतीस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. विहीणबाईंनी डिंक आणून ठेवला होता. मीच म्हटलं, "कशाला सांगलीला? जगातल्या बाळांसाठी यंत्रं करणारा आजा इथं बसलाय, आणि नातवंड तिकडं का?" तुला कुणी विचारलं नाही. तू बॅग सोडलीस आणि साड्या परत कपाटात लावल्यास. तेव्हाच काही बोलली असतीस तर... पण तू कसली बोलतेस. मीच तुला बोलायची संधी दिली नाही.

एवढंच आज. फॉर्म मात्र परत माग.

अण्णा

---

पीण्या, कारखान्यातून
२ ऑक्टोबर १९९७
घटस्थापना

चि. सुखदास,

आज कारखान्यात बसून लिहितो आहे, कारण घरी लिहिलं असतं तर पुन्हा फाडलं असतं. इथं माझ्यासमोर ते यंत्र उभं आहे. आज पूर्ण लिहितो. तू बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

सकाळी बसवंतनं जागा झाडून, रांगोळी काढून विचारलं, "अण्णा, ह्या वर्षी तरी जुनं मशीन लावायचं का? दोन वर्षं झाली, तुम्ही नको नको म्हणता. देवी रुसेल." मी त्याला बाहेर पाठवलं आणि खुर्ची ओढली.

तुला ते यंत्र माहीत आहे. काविळीच्या बाळांना खाली निजवायचं, वर निळ्या नळ्या. अठ्ठ्याऐंशी साली या शेडमध्ये आम्ही केलेलं पहिलं. पत्रा मी कापला, वायरिंग बसवंतनं केलं. ते विकायचं नाही, असं तुझ्या सासूबाईंनी ठरवलं. त्या म्हणाल्या, "ही आपली थोरली लेक. हिला द्यायची नाही." नवरात्र आलं. घरी घटापाशी नंदादीप नऊ दिवस अखंड असतो. इथं तेलाचा दिवा ठेवायचा तर रंगाचे डबे, थिनर, सगळं पेटायचं भय. मीच शक्कल काढली. म्हटलं, हाच आपला नंदादीप. घटस्थापनेला निळ्या नळ्या लावायच्या आणि दसऱ्याला, आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी मालवायच्या. नऊ दिवस, नऊ रात्री. मध्ये कुणी बटणाला हात लावायचा नाही. वीज गेली तर बसवंत जनरेटर लावायचा. शेजारच्या शेडचे लोक पाया पडायला यायचे. असं सहा नवरात्रं चाललं; चौऱ्याण्णवला भार्गवीच्या दवाखान्यांत ते राहून गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तूही हळद-कुंकू वाहिलं होतंस त्या यंत्राला.

भार्गवी झाली त्र्याण्णवच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून डोळे पिवळे दिसायला लागले. नर्सिंग होममध्ये एकच दिव्याचं यंत्र होतं, त्यावर दुसरं बाळ होतं. डॉक्टर म्हणाले, "काही तासांत मोकळं होईल." मी म्हटलं, "काही तास कशाला? माझ्या घरचं आणतो." नवं यंत्र त्या दिवशी शेडमध्ये तयार होतं, सुखदा. कोरं, खोक्यात बांधलेलं. मी ते नाही आणलं. जुनं टेम्पोत घातलं, कारण ते पुण्यवान. नुकतंच नऊ दिवस देवीपुढं उजळलेलं. नातीला त्याचाच प्रकाश मिळावा.

पुढचं तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. तीन दिवस ती त्याखाली होती आणि पिवळेपणा वाढतच गेला. रिपोर्ट आला की डॉक्टर कपाळाला हात लावायचे. "लाइट तर चालू आहे, उतरायला पाहिजे." तू दर दोन तासांनी तिला काढून पाजायचीस. सिस्टर म्हणायची, "अक्का, मगूला, बाळाला, लाइटखाली असू दे." तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "किती उचलशील गं? जरा ठेव तिला उजेडात." तू ठेवायचीस, ती रडायची, तू पुन्हा उचलायचीस. चौथ्या दिवशी बाळ धनुष्यासारखं ताठ झालं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, अंगातलं रक्त बदललं. जीव वाचला. कान गेले, हातपाय सैल राहिले.

आणि मग घरात एकच वाक्य राहिलं. 'सारखी उचलत होती.'

आता माझं ऐक.

पंचाण्णवच्या पावसाळ्यात यंत्रांना सर्टिफिकेट पाहिजे म्हणून एक इंजिनिअर बाई इथं आल्या. हातात छोटं मीटर. दिव्याखाली धरलं की प्रकाशाचा जोर काटा दाखवतो. नव्या यंत्राखाली काटा बावीसवर गेला. बाई म्हणाल्या, चांगलं आहे. बसवंतला हौस. म्हणाला, "मॅडम, आमच्या देवीचं पण बघा." त्यानं जुनं लावलं. निळं लख्ख उजळलं. काटा चारवर थांबला.

बसवंत हसला. "मॅडम, तुमचं मीटर बिघडलं."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या नळ्या किती तास जळल्यात?"

"तास? मॅडम, दर नवरात्रात नऊ दिवस अखंड! सहा वर्षं!" असं छाती फुगवून म्हणाला तो.

बाईंनी तिथंच कागदावर मांडलं. नऊ दिवसांचे दोनशे सोळा तास, सहा वेळा. तेराशेला चार कमी. त्या म्हणाल्या, "हजार तासांनंतर या नळ्यांचा रंग दिसतो, पण काम संपलेलं असतं. हिच्याखाली बाळ ठेवणं आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली ठेवणं सारखंच. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं." लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं, सुखदा. डिक्शनरी घेऊन, शब्द न् शब्द. आणि माझ्या मनात आलं होतं, नळ्या खपाव्यात म्हणून कंपनीची युक्ती आहे ही. लख्ख जळणारी नळी कोण फेकतो? आम्ही तुटका स्क्रूसुद्धा डब्यात ठेवणारी माणसं.

मी बाईंना विचारलं, "आणि आई जर बाळाला सारखी काढून पाजत असेल तर?"

त्या म्हणाल्या, "पाजलंच पाहिजे. दुधानं पिवळेपणा उतरायला मदतच होते. आम्ही डॉक्टरांना तेच सांगतो."

म्हणजे त्या तीन दिवसांत त्या पोरीसाठी उपाय म्हणून जे काही झालं, ते तुझ्या हातून झालं. बाकी आम्ही सगळे निळ्या उजेडाला हात जोडून उभे होतो.

हे मला पंचाण्णवच्या जुलैत कळलं. तू घर सोडलंस शहाण्णवच्या फेब्रुवारीत. मधले सात महिने मी जेवायला तुझ्या समोर बसत होतो. तुझ्या सासूबाई ते वाक्य म्हणायच्या, तू ताटाकडे बघायचीस, आणि मी भातावर ताक ओतून घ्यायचो. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक यंत्राला तास मोजणारं घड्याळ बसवलं. ज्या ज्या दवाखान्यात आमचं यंत्र होतं तिथं रजिस्टर पत्र पाठवलं की हजार तासांनी नळ्या बदला. गुलबर्ग्याला कळवलं, हासनला कळवलं, शिमोग्याला कळवलं. पाच मैलांवरच्या माझ्या घरात नाही कळवलं.

का, म्हणशील. कारखाना बंद पडेल, चौदा घरं बसतील, असं मी मनाला सांगत होतो. ते खोटं. खरं एवढंच की भार्गवी माझ्या मांडीवर झोपायची आणि मला वाटायचं, कळलं तर तू मला तिला घेऊ देणार नाहीस.

मॅजेस्टिक बसस्टँडवर सांगलीच्या बसमध्ये तुझी बॅग मी चढवली. तू खिडकीतून वाकून माझ्या हाताला हात लावलास आणि म्हणालीस, "अण्णा, या घरात तुम्ही एकटेच मला कधी काही बोलला नाहीत." आठवतंय? मी ते आभार खिशात घालून घरी आलो. चूक यंत्रात होती, ती अडाणीपणानं झाली. पण हे मी शहाणपणानं केलं.

सोबत कारखान्याच्या लेटरहेडवर इंग्रजीत आणि मराठीत एक कागद जोडला आहे. शाळेच्या बाईंना दे. त्यात लिहिलं आहे की प्रकाशयंत्राच्या नळ्या निकामी होत्या, यंत्र नरसिंहरावांनी, म्हणजे मी दिलं, आईनं जे केलं ते योग्य केलं. खाली सही आणि शिक्का आहे. कुणी चौकशीला आलं तर मी इथंच आहे.

हे पत्र लपवू नकोस. विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. नंदकिशोरला दाखव. त्यानं मला शिव्या घातल्या तर त्याला थांबवू नकोस.

अण्णा

---

मल्लेश्वरम
१९ ऑक्टोबर १९९७

चि. सुखदास आशीर्वाद.

पत्र पोचलं असेलच. मी रजिस्टरनं पाठवलं होतं, पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे. ती सही मी खूप वेळा बघितली, राग आहे का त्यात म्हणून. सहीवरून काय कळतं? नाव सरळ आहे एवढंच कळलं.

इकडं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं. तुझ्या सासूबाई अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत होत्या. शेंगा सोलता सोलता हात थांबला. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या,

"म्हणजे ती उचलत होती ते बरोबर होतं?"

म्हटलं, "हो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. ती जायच्या आधी सात महिने."

"मी बोलत होते तेव्हा तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

मी खाली सांडलेले दाणे वेचू लागलो.

"चाळीस वर्षं तुमच्याबरोबर संसार केला. माझी जीभ तिखट आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण ती अशी वापरू दिलीत? तुमची चूक माझ्या तोंडून त्या पोरीच्या पदरात टाकलीत?" आणि शेंगांची परात घेऊन आत गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढतात, वाटी सरकवतात, बोलत नाहीत. वीस महिने तुला जे मिळालं त्यातलं थोडं मलाही मिळू दे.

परवा मात्र त्या बसवंतच्या बायकोला सांगताना मी ऐकलं. "आमची सून शहाणी होती, गं. आम्हीच तिचं ऐकलं नाही." हे त्यांनी मला ऐकू यावं म्हणून म्हटलं की नाही, माहीत नाही. पण तुझ्या कानावर घालावं असं वाटलं.

श्रीकांत सगळं ऐकून उठला आणि पायात चपला घालून निघाला. मी घाबरलो. संध्याकाळी बसवंत आला, म्हणाला, "सर शेडमध्ये आले होते. जुन्या मशीनसमोर उभे राहिले. मला म्हणाले, बसवंतण्णा, लावून दाखव. मी लावलं. त्याखाली हात धरून बसले. मग म्हणाले, सरी, ठीक आहे, बंद कर." घरी आल्यावर मला एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगितलं नाही, खरं आहे. पण मी तरी तिला कुठं विचारलं, की तुला काय वाटतं?" आणि पेपर न घेता गॅलरीत बसून राहिला.

काल तो मॅजेस्टिकला जाऊन सांगलीची तीन तिकिटं काढतो म्हणाला. तुझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "येतानाची पाच काढ, त्या दोघीही..." आणि बोलता बोलता थांबल्या. मी श्रीकांतला म्हटलं, एकही काढायचं नाही. एकदा तिला न विचारता तिचं बाळंतपण इथं आणलं. आता तिच्या दारात तिला न विचारता जायचं नाही. त्याला पटलं नाही, पण थांबला आहे.

म्हणून तुला विचारतो. आम्ही यावं का? फक्त श्रीकांतनं यावं का? की कुणीच येऊ नये? मनात असेल ते लिही, माझ्या वयाकडे बघून लिहू नकोस. मला तिला घ्यायला देणार नसलीस तर तेही लिही. मी उंबऱ्याबाहेर बसेन, तिथूनही दिसते ती. आणि येऊ नका म्हणालीस तर येणार नाही. पत्रं पाठवू नका म्हणालीस तर तेही थांबेल.

भार्गवी मोठी झाल्यावर एक दिवस विचारेल, खुणांनी का होईना, की मला असं का झालं. तेव्हा तिला माझं नाव घेऊन सांग. आजोबानं केलं म्हण. वाईट वाटेल म्हणून गोड करून सांगू नकोस. आणि हेही सांग की तिची आई तिला पाजायची, दर दोन तासांनी, सगळे रागवत असताना.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांगू नकोस. त्यांनी तो घ्यावा अशी माझी पात्रता राहिली नाही. गुडघ्यांचं मात्र बघ, थंडी सुरू होईल.

उत्तर लवकर दे, पोरी. दोन अक्षरं असली तरी चालतील, 'या' किंवा 'नको'. रोज अकरा वाजता पोस्टमन गल्लीत येतो, आणि आता आम्ही तिघंही वेगवेगळ्या निमित्तानं दारात असतो.

तुझा
नरसिंहराव